चार किलोचं कोहळं

३ नोव्हेंबर

आज सकाळी साडेसहाला हातातून सुटलेल्या पाच किलोच्या वजनाची खरी किंमत मांडून ठेवतो. माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख, एक. ओट्यावरची फरशी, एक, तीही नेमकी दूधवाला उभा राहतो ती. अर्धा कप चहा. वच्छलेच्या तोंडची सहा वाक्यं, त्यांतली चार माझ्या घराण्याबद्दल. आणि काजलची सगळी सकाळ, कारण ती रडत बसली आणि मी एका पायावर उभा राहून तिची समजूत घालत बसलो. वजनाला मात्र साधा पोचा पडला नाही.

वही नवी आहे, म्हणून नीट लिहितो. काजल म्हणजे वच्छलेच्या भावाची, सुलतानपूरच्या किसनरावांची मुलगी. दिवाळीपासून पोलीस भरतीच्या तयारीसाठी मेहकरला आमच्याकडे आहे. धावण्यात तिला तोड नाही, लेखी पक्कं. अडलं ते गोळ्यात. मागच्या भरतीत गोळा गेला पाच मीटर चाळीस, आणि यादीतलं नाव दोन गुणांनी गेलं. सहाच्या पुढे टाकला की पंधरापैकी पंधरा. वयाची अट पाहता यंदाची भरती तिची शेवटची.

ती माझ्या दुकानातलं तराजूचं वजन उचलून दंड कमावत होती. घाम आला, सुटलं, खाली मी होतो.

५ नोव्हेंबर

अंगठ्याचं भरताचं वांगं झालं आहे. दुकानात एका पायात चप्पल, एका पायात फडकं. येणारा प्रत्येक जण काटा दुरुस्तीला टाकायच्या आधी अंगठा पाहतो.

धम्मरत्न सर आले. दिवसा गणित शिकवतात आणि पहाटे बसस्टँडमागच्या मैदानावर भरतीच्या मुलामुलींचा सराव घेतात. स्वतःची भरती अर्ध्या गुणानं हुकली, तेव्हापासून दुसऱ्यांची हुकू देत नाहीत. त्यांची सध्याची अडचण अशी, की मुलींचा चार किलोचा गोळा दसऱ्याच्या सुमारास मैदानालगतच्या विहिरीत गेला. नवा मागवला तो अजून येऊन राह्यला. मुली विटा फेकतात.

सर म्हणाले, "उत्तमराव, बाजारात डंबेल मिळतात की."

मी म्हटलं, डंबेल पाहिलं. दोन्हीकडं लोखंड, मधे गुळगुळीत दांडा. घाम आला की तेही सुटतं. शिवाय डंबेल फेकता येत नाही आणि गोळ्यानं दंड निघत नाही. वस्तू अशी पाहिजे जी धरता येईल, उचलता येईल, फेकता येईल, वजन कमीजास्त करता येईल, आणि कोणाच्या पायावर पडणार नाही.

"आणि पोळ्या लाटता येतील?" सर म्हणाले.

आम्ही दोघं हसलो. पण सर गेल्यावर मी बिलाच्या पाठीमागं चित्र काढलं. तराजूच्या वजनाला धरायला ना कान ना शेपूट. ते पारड्यात बसायला जन्मलं आहे, पोरीच्या हातात नाही. त्याला कान फुटले पाहिजेत.

९ नोव्हेंबर

माझी तपासणीची वजनं, पेटीसकट, वर्षाच्या सरकारी मोहोरेसाठी बुलढाण्याला गेली आहेत. यायला वेळ लागेल म्हणतात. तोवर काम अडू नये म्हणून महादेवरावांच्या लॉटातली वजनं काढली.

महादेवराव म्हणजे माझे पहिले मालक. त्यांच्या अडतीवर मी विसाव्या वर्षी मापारी म्हणून लागलो, दहा वर्षं तराजू धरला, तिथंच काटे उघडून पाहायला शिकलो, आणि आज माझ्या दुकानावर "मेहकरातील खरा काटा" अशी पाटी आहे. मागच्या साली त्यांच्या मुलानं अडत बंद करून जुनी वजनं भंगारात काढली, ती मी घेतली. दोन पोती. एका पोत्यावर रंगानं लिहिलंय "घे", दुसऱ्यावर "दे". मला भरून आलं. माणूस जाऊन सहा वर्षं झाली तरी त्याचा स्वभाव पोत्यावर राहिला. घे बाबा, तुला लागेल तेवढं घे. बाकीचं दुसऱ्याला दे.

मी अर्थातच "घे" उघडलं.

१४ नोव्हेंबर

पहिला नमुना. दोन-दोन किलोची दोन वजनं एकावर एक ठेवली, सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळली, आणि वरून हाताच्या पाठीमागनं जाणारा चामड्याचा पट्टा लावला. मूठ उघडली तरी पडणार नाही. वच्छलेला समोर उभं केलं, तिनं हात झटकला, पडलं नाही. मी खूश.

संध्याकाळी मैदानावर काजलनं गोळा समजून फेकलं. पट्ट्याचं काम पट्ट्यानं चोख केलं. वजन निघालं, हात निघाला, हाताच्या मागं पोरगी निघाली. दोघं मिळून दीड मीटर गेले.

धम्मरत्न सरांनी टेप लावून मोजलं. "मोजू कुठून?" म्हणे. "वजनापासून का काजलपासून?"

काजल मातीत बसूनच हसत होती. खांदा ठीक आहे. पण मी धडा लिहून ठेवतो. पडू नये एवढंच पाहून चालत नाही, सुटायचं तेव्हा सुटलंही पाहिजे.

१९ नोव्हेंबर

सापडलं. सकाळी वच्छला फोडणीच्या कढया घासत होती. लहान लोखंडी कढया, दोन्ही एकाच मापाच्या, तिच्या आईनं लग्नात दिलेल्या. प्रत्येकीला दोन कान. मी बघतच राहिलो.

"काय पाहून राह्यले?"

"काही नाही."

"तुमी काही नाही म्हटलं का माह्या घरातलं काईतरी जाते," ती म्हणाली.

दुपारी ती विमलबाईंकडं हळदीकुंकवाला गेली आणि कढया दुकानात आल्या. तोंडाला तोंड लावून दोन्हीचा गोळा होतो. आत दांडा, दांड्यावर वजनं ओवायची, फटीत लाकडाचा भुसा ठासायचा. बाहेरून कढयांचे कान बिजागरीवर बसवायचे. उभे केले की धरायला मूठ, पाडले की गोळा. वरून ट्यूबचा अंगरखा, म्हणजे घामानं सटकत नाही आणि पायावर पडलं तरी नख शाबूत. पट्टा दाबाच्या बटणावर. दंड काढताना लावायचा, फेकताना काढायचा.

रात्रीची फोडणी पातेल्यात झाली. मी जेवताना वर पाहिलं नाही.

२६ नोव्हेंबर

तयार झालं. आत एक किलोची दोन, अर्ध्याची दोन, दोनशेचं एक, अंगरखा, कान, कढया, सगळं धरून काट्यावर ठेवलं. चार किलो शून्य ग्रॅम. आकडा हलला नाही. काटा मी स्वतः मागच्याच आठवड्यात या वजनांवर लावून घेतला होता, तेव्हा हलणार कसा.

तरी मी फक्त काट्यावर विसंबणारा माणूस नाही. ओट्यावर बोटानं टिचकी मारून ऐकलं. लोखंड बोलतं. आतून पोखरलेलं वजन घशातून बोलतं, भरीव वजन पोटातून. हे पोटातून बोललं. बाजार समितीत माझ्या कानाची ख्याती होती. पलीकडच्या ओळीत कोणी पारड्याला गुडघा लावला तर मी पाठमोरा ओळखत असे.

मी नाव ठेवलं "उत्तम हातवजन". वच्छलेनं एकदा पाहिलं, आपल्या कढया ओळखल्या, आणि म्हणाली, "कोहळं दिसते." आता सगळे कोहळंच म्हणतात. त्यापुढं ती एक अक्षर बोलली नाही, याची मला जास्त धास्ती आहे.

४ डिसेंबर

रोज पहाटे मीच काजलचा व्यायाम घेतो. कान धरून दंड, पट्टा लावून खांदे, दोन्ही हातांनी डोक्यावर. मोजायचं काम माझं. मापारी एक म्हणत नाही, पहिल्या मापाला लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. काजलला आधी हसू यायचं, आता तीही लाभपासून सुरू करते.

आज किसनराव सुलतानपूरहून आले. पोरीला पाहिलं, कोहळं उचलून पाहिलं, म्हणाले, "दाजी, हे चार किलो हाय?"

"चार म्हणजे चार."

"तुमचे चार न्यारेच असतात."

वच्छलेनं वरण वाढलं तसे ते नेहमीच्या ठिकाणी आले. "ताई, वाढ अजून. माहीच तूर हाय ही."

पंचवीस वर्षांपूर्वी किसनरावांनी घरून दोन क्विंटल तूर मोजून महादेवरावांच्या अडतीवर आणली होती. माप मी केलं. भरली एक क्विंटल पंच्याऐंशी. तेव्हापासून दर पंगतीला ते आपली पंधरा किलो तूर शोधतात. लग्नात, बारशात, एकदा तर तेराव्याला. मी दरवेळी तेच सांगतो, आजही सांगितलं, की तुमच्या घरचा तराजू उंदरानं खाल्लेला, आणि माझ्या हातून आजवर कोणाचं दाणाभर कमी भरलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून कोणापुढंही सांगीन.

"ठेवा हात," किसनराव म्हणाले. "पन आधी धुवा, वरनाचा हाय."

१२ डिसेंबर

शालूबाई भाजीवाली तावातावानं आली. "भाऊ, तुमी काटा दुरुस केला का बिघडवला? पंधरा किलो वांगे आणते, विकाले बसते त तेरा-चौदाच भरते. गिऱ्हाईक मातर हसत जाते."

मी तिचा काटा दोनदा तपासला. महादेवरावांचं पाच किलोचं वजन ठेवलं, बरोब्बर पाच. तिला समजावलं, की थंडीत वांगं सुकतं.

"वांगं सुकते, मंग बटाटा काऊन सुकते?"

मी चहा मागवला.

संध्याकाळी वच्छला दुकानातल्या माणसाच्या काट्यावर उभी राहिली. मागं अडुसष्ट होती, आज त्रेसष्ट. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलली. कढया नाहीत तर फोडण्या कमी, फोडण्या कमी तर तेल कमी, म्हणून पाच किलो उतरले, असं तिचं मत. विमलबाईला सांगायला गेली. कोहळ्याचा असाही फायदा.

१८ डिसेंबर

आजचा दिवस बरा नाही.

सकाळी धम्मरत्न सरांनी टेप लावला. काजलनं कोहळं सहा वेळा फेकलं. सगळ्यांत लांब पाच मीटर पाच. मागच्या साली पाच चाळीस होतं. महिनाभर घाम गाळून पोरगी मागं आली.

सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, पण याचं वजन एकदा दुसऱ्या काट्यावर पाहायचं का?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, सर, तुम्ही गणित शिकवता, मी तुमचा पाढा तपासतो का? तीस वर्षं वजनात गेली. चार किलोत चार ग्रॅमचा फरक निघाला तर दुकानाची पाटी उतरवीन. शिवाय गावातले दुसरे सगळे काटे मीच लावलेले आहेत, पाहणार कुठं?

सरांनी टेप गुंडाळला. माणूस सभ्य आहे.

संध्याकाळी काजल गच्चीवर फोनवर बोलत होती. मी खाली पाण्याची टाकी पाहत होतो. माझ्या कानातून काही सुटत नाही, हा माझा दोष नाही. ती म्हणत होती (मामाजी म्हणजे मी, आत्याचा नवरा), "बाबा, मामाजीले सांगजा नका. त्याहिनं लय जीव लावला. पन ते दिवसेंदिवस जडच लागते. माह्याच हातात जोर राह्यला नाही. आवंदा नाही होत माह्याच्यानं. मी येऊ का घरी?"

तिकडून किसनराव काय म्हणाले ते कळलं नाही. ती बराच वेळ नुसती हूं हूं करत होती.

मी टाकीपाशी उभा राहिलो. पोरीचा धीर सुटला हे स्पष्ट आहे. वस्तूत दोष नाही.

१९ डिसेंबर

पहाटे काजलची बॅग दारात होती. मी काहीच ऐकलं नाही असं दाखवून म्हटलं, "चल वं, लाभ म्हणायची वेळ झाली."

"मामाजी, मी गावी..."

"गावची गाडी साडेआठला हाय. तवरिक एक हात होते."

वच्छला आतून आली, बॅग उचलली, आत नेऊन ठेवली आणि म्हणाली, "माह्या दोन कढया गेल्या या पायी. आता जाऊन पाह्य तू."

काजलनं कोहळं उचललं. लाभ, दोन, तीन.

७ जानेवारी

पाच वीस. मग पाच पस्तीस. आज पाच पन्नास. मागच्या सालचं काजलनं ओलांडलं. पण सहा अजून लांब आहे आणि मैदानी चाचणी वीस दिवसांवर. धम्मरत्न सर तिला पायातनं जोर काढायला शिकवतात. मी मोजतो. नवा गोळा आलाच नाही.

२० जानेवारी

पाच पंचावन्न. पुढं सरकत नाही. काजल जेवते, झोपते, उचलते. मी वहीत काय लिहू.

२७ जानेवारी

बुलढाण्याहून रात्री परत. सगळं क्रमानं लिहितो.

पहाटे पोरींची रांग लागली. हवालदारानं गिनती द्या म्हटलं. रांगेत पहिली काजल. मी कुंपणाबाहेर होतो, पण मला ऐकू आलं, साऱ्या मैदानाला ऐकू आलं. ती खणखणीत म्हणाली, "लाभ."

दुसरी पोरगी अडली. तिला कळेना एकानंतरचं म्हणू का लाभानंतरचं. हवालदार जवळ आला. "काय म्हणालीस?"

"लाभ, सर. म्हंजे एक, सर."

मी डोळे मिटले. हवालदार पिकल्या मिशीचा, कुठल्या तरी खळ्यावर वाढलेला असणार. मिशीवरून हात फिरवून म्हणाला, "चालते. पुढची, दोन बोल."

मग गोळा. काजलनं हातात घेतला, घेतल्याबरोबर थांबली, उलटसुलट करून पाहिला. मला वाटलं घाबरली. तिनं साहेबाला काहीतरी विचारलं, साहेबानं मान हलवली. मग तिनं टाकला.

सहा मीटर पंचवीस. पंधरापैकी पंधरा.

ती धावतच कुंपणापाशी आली. "मामाजी, मी साहेबाले इचारलं, हा पोरींचाच हाय ना? मले वाटलं पोकळ हाय. फुग्यावानी लागला."

मी धम्मरत्न सरांना तिथूनच फोन केला. म्हटलं, सर, याला म्हणतात रचना. पकड पक्की असली की खरा गोळा फुग्यासारखा लागतो. सर म्हणाले, "पाच अजून बनवा. अगदी असेच." वच्छलेला दहा कढया विचारायची माझी हिंमत नाही, बाजारातूनच आणाव्या लागतील.

३० जानेवारी

मोहोर मारलेली वजनांची पेटी बुलढाण्याहून आली.

पाच कोहळी करायची म्हणून काटा नव्यानं लावायला घेतला. पेटीतलं पाच किलोचं वजन ठेवलं. काटा म्हणाला चार किलो सहाशे तीस. मी काट्याला थाप मारली. परत तेच. मग जुना हाततराजू काढला, तो लबाडी करत नाही. एका पारड्यात पेटीतलं पाच, दुसऱ्यात महादेवरावांचं पाच. महादेवरावांचं पारडं दाणकन खाली गेलं. पेटीतल्या पाचावर आणखी चारशे ग्रॅम ठेवले तेव्हा दांडी सरळ झाली.

मी "घे" च्या पोत्यातली सगळी वजनं एकेक करून लावली. सगळी जड, सगळी सारख्या हिशेबानं. मोहोर मारायला बुडाशी शिसं ओततात, तो डाग खरवडून पाहिला, आत शिसं जास्त ठासलेलं. भरीव, म्हणून पोटातून बोलतात. मग "दे" चं पोतं उघडलं. सगळी हलकी.

घ्यायची वजनं वेगळी, द्यायची वेगळी. दहा वर्षं मी ज्या तराजूला लाभ म्हणत होतो, तो लाभ कोणाचा होता हे दुपारी चार वाजता कळलं. दुकान लवकर बंद केलं.

जाताना पाटी उतरवली.

१ फेब्रुवारी

किसनराव पेढे घेऊन आले. सुलतानपुरात सगळ्यांना सांगून झालंय, आता लेखी झाली की झालं, असं म्हणत होते. धम्मरत्न सरही जेवायला होते. मी सरांना आधीच सांगितलं होतं. ते हसले नाहीत, एवढंच म्हणाले, "नवी पाच पण तेवढीच जड करा. फक्त यंदा वर खरा आकडा लिहा." शालूबाईचा काटा कालच लावून दिला. वच्छलेला तिचं वजन अजून सांगितलं नाही.

वरण वाढलं. किसनराव म्हणाले, "ताई, वाढ. माहीच तूर..."

"हाव," मी म्हटलं. "तुमचीच हाय."

मग मी सगळं सांगितलं, दोन पोती, शिसं, घे, दे. किसनराव हातातला घास धरून ऐकत राहिले.

"म्हंजे खरंच कमी भरली व्हती?"

"हाव."

"मी त मजाक करून राह्यलो व्हतो, दाजी. मले सोताले वाटे का आमच्या घरचा तराजूच उंदरानं खाल्ला." घास परत ताटात ठेवला. "पंचवीस वर्सं. आता मी पंगतीत बोलू काय?"

काजलनं त्यांना पेढा दिला. वच्छला माझ्याकडं पाहत होती, रागानं नाही, पण पाहत होती.

जेवण झाल्यावर सर्वांसमोर हाततराजू टांगला आणि पेटीतल्या वजनांवर कोहळं चढवलं. चार किलो तीनशे वीस ग्रॅम, म्हणजे शंभराला आठ जास्त. तोच हिशेब एक क्विंटल पंच्याऐंशीला लावला. तूर दोन क्विंटलच होती.